चार नंबर

गोकुळदास मेस्ताने मे महिन्यात
उरलेल्या माट्टीच्या फळीवर खडूने सात चौकोन आखले
आणि एकेकात एकेक रंग जिरवला,
ब्रशने नव्हे, फाटक्या बनियनच्या बोळ्याने.
डब्यांवरची नावं त्याने वाचली नाहीत. मी वाचली:
अक्रोड, मध, देवदार, महोगनी,
आणि एकावर नुसतंच ‘नॅचरल’.
म्हणजे काय, विचारलं तर पणजीच्या दुकानातला सिप्रियान म्हणाला,
काहीच न केल्यासारखं दिसणं.
सगळ्यांत महाग तेच.

सातव्याला डबाच नव्हता.
सोड्याच्या बाटलीतून आणलेलं काजूच्या टरफलांचं तेल,
होडीच्या बुडाला लावतात ते.
मेस्ताच्या दोन बोटांची सालं गेली.

विश्राम त्याला डेक म्हणतो, मेस्त माची.
मागल्या दारापासून खाजनाकडे बारा पावलं,
खांबांवर उभी, अजून कोरी.
मी घाई करायला लागलो तसा मेस्त म्हणाला,
रंग लाकडाक विचारिनाका, उदकाक विचार.
आणि फळी कुंपणाला टेकवून दिवाडीच्या फेरीने घरी गेला.

दसऱ्यानंतर नारळाच्या काथ्याने शेवाळ घासलं.
महोगनीचे पापुद्रे सुटले होते
उन्हात भाजलेल्या पाठीसारखे.
देवदारावर काळी बुरशी. सातवा कुळकुळीत,
त्या टोकाकडून फळी पाण्यात उतरेल असं वाटायचं.
नॅचरल राखाडी झालेला.
त्यावर थेंब सोडला, तो जरा थबकला
ओळख नसलेल्या पाहुण्यासारखा, मग आत गेला.
अक्रोड तेवढा होता तसा.
खडूने तो चौथा.

फोटो स्विंडनला पाठवला.
पैसे विश्रामचे, जागा दोघांची, पाय माझे.
गोदामातल्या चहाच्या सुट्टीत त्याने उत्तर दिलं:
चार.
मग थोड्या वेळाने: घेऊनच टाक डबे.

घेतले.

चार सकाळी सहाला छान दिसतो, खरंच.
दुपारी दीडला मी त्यावर अनवाणी उभा राहिलो,
अकरापर्यंत मोजलं आणि उडी मारली.
फोटोला तळवे नसतात.

त्या राखाडीवर उभा राहिलो. विसावर मोजणं थांबवलं.
एकदम आठवली मानशीची फळी,
भरतीच्या तोंडाशी, दोघांना पुरेल एवढीच,
आणि विश्राम खाली पाय सोडून
दार उघडलं की कोळंबी कशी उसळते ते बघत बसलेला.
चपला त्याने बांधावर कुठेतरी टाकलेल्या,
त्या शोधायला नेहमी मीच.
त्या फळीला कोणता रंग होता?
आठवत नाही. म्हणजे हाच असणार.

मेस्ताला म्हटलं, पाच नंबर.
तो म्हणाला, वर्साक एकदा परत लावचो पडटलो,
सगळी माची, गुडघ्यांवर बसून.
म्हटलं, मी आहे की इथे.
त्याने माझ्याकडे बघितलं, मग बोळा पिळला.

दोन दिवस लागले. दंव पडायच्या आत हात आवरता घ्यायचा,
म्हणून चारलाच थांबायचो.
तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला
फोटो काढला, खारफुटीमागे उजेड गेल्यावर.
त्या वेळी कुठलंही लाकूड अक्रोडच असतं.
विश्रामचं उत्तर लगेच आलं:
बघ, सांगितलं होतं ना.
जानेवारीत येतो.

ये, लिहिलं. चपलांचं लिहिलं आणि खोडलं.

चारचा एक डबा उघडलेला, सिप्रियान तो परत घेईना.
तो कोंबड्यांच्या खुराड्याला लावला, दोन हात,
कडेकोपऱ्यांत नीट.
अगदीच खोटं नको.
कोंबड्यांचं काय, दुपारच्या त्या
माचीखालीच असतात.